भिंतीच्या पायथ्याचा दाबके

दाबके कुणाच्याही घरी गेला की आधी पालथा पडायचा.

नमस्कार नाही, चौकशी नाही. दारात बूट काढायचे, कोट यजमानाच्या हातात कोंबायचा आणि तडक दिवाणखान्यात जाऊन, गाल जमिनीला टेकवून, सोफ्याखाली बघायचं. इथे शिकागोत वाढलेली मुलं आईला हळूच विचारायची, "मॉम, इज अंकल ओके?" आई काही बोलायच्या आत सोफ्याखालून अंकलचा आवाज यायचा, "कोंडलंय! सगळं कोंडलंय! कुणी ठेवला हा सोफा इथे?"

एकदा डॉक्टर जोगळेकर चिडून म्हणाले, "मी ठेवला. माझं घर आहे."

"डॉक्टर," दाबके उठून गुडघे झटकत म्हणाला, "पेशंटच्या नाकावर उशी ठेवता का तुम्ही? मग हीटरच्या नाकावर सोफा कशाला?"

जोगळेकर आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याशी असं कुणी बोलायचं नाही. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

आधीच सांगून टाकतो, मी रागात लिहितोय. मंडळाची स्मरणिका निघते आहे. तिची संपादक केतकी, पुण्याची हुशार मुलगी, इथे आयटीत आहे. तिने मजकूर माझ्याकडे तपासायला पाठवला. त्यात मंडळाच्या घराचा इतिहास आहे. पडदे कुणी शिवले, रांगोळ्या कोण काढायचं, समोसे कुठून यायचे, सगळ्यांची नावं आहेत. दाबकेचं नाव नाही. त्याच्याबद्दल एकच ओळ आहे, तीही बिननावाची: 'सदोष हीटिंगमुळे झालेल्या दुर्घटनेत तत्कालीन कार्यवाह श्री. सबनीस यांच्या प्रसंगावधानाने ग्रंथालय वाचले.'

सबनीस म्हणजे मी.

मी केतकीला फोन लावला. "ही ओळ कुठून आणलीस?"

"सभेच्या जुन्या मिनिट्समधून, काका. तुमचंच हँडरायटिंग आहे ना ते?"

"खोटं आहे ते."

ती म्हणाली, "मग तुम्हीच दाबकेकाकांवर एक छोटं पीस लिहा ना. पण प्लीज काका, लाइट ठेवा हं. कुणाबद्दल निगेटिव्ह नको. सेलिब्रेशनचा अंक आहे."

लाइट ठेवतो. जमेल तिथपर्यंत.

यशवंत दाबके मूळचा सांगलीचा. इंजिनियर. शिकागोतल्या शाळांच्या जुन्या इमारतींचे बॉयलर सांभाळण्यात त्याची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, "बॉयलर रविवारीसुद्धा बघावा लागतो." कानामागे पेन्सिल, खिशात नळीतली हवा काढायची छोटी पितळी किल्ली, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी फसवल्यासारखा राग. रागाचं कारण एकच. गरम हवा. इथल्या नव्या घरांत जाळीतून गरम हवा पंख्याने फुंकतात, ते त्याला बघवायचं नाही.

"ही काय ऊब म्हणायची? नाक कोरडं, घसा कोरडा आणि पाय बर्फ! डोक्याला काय कळतंय? पायांना विचारा!"

'पायांना विचारा' हे त्याचं पालुपद होतं. एका लग्नात तो आहेर घेऊन स्टेजवर चढला आणि शुभेच्छा द्यायच्या सोडून नवरीला म्हणाला, "पाय गार पडलेत का?" शालूतली ती मुलगी बिचारी खरं बोलली. हो म्हणाली. झालं! पुढचा अर्धा तास दाबके हॉलच्या मॅनेजरशी भांडत होता आणि आहेराचं पाकीट त्याच्याच हातात राहिलं होतं.

त्याचं प्रेम बसलं होतं बेसबोर्डवर. जुन्या विटांच्या घरांतून भिंतीच्या पायथ्याशी, वीतभर उंचीची, पत्र्याची एक लांबलचक पट्टी गेलेली असते. आत तांब्याची नळी, नळीवर पातळ चकत्या. तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी त्या नळीतून फिरतं. जमिनीलगतची गार हवा खालून आत शिरते, तापते, आणि वरच्या फटीतून निघून भिंत धरून वर चढते. पंखा नाही, फुंकर नाही. दाबके ती पट्टी भिंतीच्या कडेच्या लाकडाच्याच रंगात रंगवायचा. "दिसलं तर काम फसलं," हे त्याचं दुसरं पालुपद. माणसाने उबेत बसावं आणि ऊब कुठून येते ते त्याला कळूच नये, असा त्याचा हट्ट. पत्र्याचं झाकण बसवण्याआधी आतल्या बाजूला तो पेन्सिलीने काहीबाही लिहायचा. आम्ही समजायचो, मापं असतील.

आम्ही इथे नव्याने आलो तेव्हा आमच्याकडे हिवाळ्यात दही लागायचं नाही. माझी बायको नलू रडकुंडीला यायची. शेवटी ती दाबकेला म्हणाली, "भावजी, सगळं मिळालं हो या देशात, दही तेवढं लागत नाही." दाबके दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन वाट्या घेऊन आला. तीन ठिकाणी बेसबोर्डजवळ विरजण ठेवलं आणि घरी गेला. सकाळी सातला पुन्हा हजर. पालथा पडून तिन्ही वाट्यांत चमचा घालून चाखलं आणि भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. "खिडकीपासून चार हात. ही दह्याची जागा. इथे दुसरं काही ठेवलंत तर याद राखा, वहिनी."

नलू होती तोवर त्या फुलीपाशी दुसरं काही ठेवलं गेलं नाही. आमच्याकडचं बघून बाकीच्यांनी बोलावलं. घरोघर दाबके सरपटला. डेव्हन ॲव्हेन्यूच्या आसपासच्या कितीतरी मराठी घरांत आजही भिंतीवर ती फुली असेल. कुणी मारली, ते नव्या भाडेकरूंना ठाऊक नसेल.

मग मंडळाने घर घेतलं. डेव्हन ॲव्हेन्यूच्या उत्तरेला, जुनं, विटांचं, ओकच्या लाकडी फरशीचं, मोठ्या खिडक्यांचं. त्यात हीटिंगचा पत्ता नव्हता. जोगळेकरांचं म्हणणं, भिंती फोडा आणि फुंकणारी हवा आणा. दाबके सभेत उभा राहिला. "या भिंतीला भोक पाडायचं तर आधी मला पाडा." सगळा उन्हाळा, प्रत्येक शनिवार-रविवार, त्याने एकट्याने काम केलं. ऑक्टोबरात आम्ही गादीवर मांडी घालून बसलो तेव्हा साठे आजी म्हणाल्या, "अगंबाई, गुडघे दुखत नाहीत आज." दाबके त्यांच्या मागे, तळघराच्या दारात उभा होता. कौतुक झालं की तो तळघरात जायचा. आताही गेला.

आता मुद्द्याचं.

जानेवारीतला रविवार, दुपारची मैफल. पुण्याहून एक गायिका आल्या होत्या. नाव सांगत नाही, त्यांचा दोष नाही. उत्तरेच्या भिंतीला लागून गाद्या-लोड मांडले होते. म्हणजे मीच मांडले होते, दाबकेच्या पट्टीच्या नाकावर. बाईंनी तानपुरे जुळवायला घेतले आणि भिंतीतून आवाज यायला लागला. टिक. टिक. टिकटिक.

"हे काय वाजतंय?"

"तांबं आहे," दाबके पुढे झाला. "तापलं की लांबतं. तुम्ही नाही का गाण्याआधी हातपाय ताणत?"

"अहो, पण हे माझ्या षड्जावर वाजतंय."

"मग सुरातच आहे की!"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक तर हे वाजेल, नाही तर मी गाईन." जोगळेकरांनी इतकी वर्षं जपून ठेवलेला हिशोब तिथे चुकता केला. "दाबके, तुम्ही आजचा दिवस घरी जा पाहू." सगळ्यांच्या देखत. दाबके माझ्याकडे बघत राहिला. मी कार्यवाह. छातीला रेशमी बिल्ला लावलेला. मी चपळाईने एक लोड सरळ केला.

तो गेला. मी तळघरात उतरलो. हॉलच्या नळीचा व्हॉल्व्ह कुठला ते दाबकेनेच मला दाखवलं होतं. दांडा आडवा केला. पाणी थांबलं, थोड्या वेळाने टिकटिकही थांबली. मैफल संपली की परत उघडायचा, हे विसरू नये म्हणून मी माझा बिल्ला काढून त्या दांड्याला लटकवला. मला वाटलं, काय डोकं लढवलं!

मैफल रंगली. हॉल भरलेला, माणसांचीच ऊब एवढी की कुणाला काही जाणवलं नाही. मी आभार मानले. पंधरा मिनिटं मानले. चहावाल्यापासून पार्किंगवाल्यापर्यंत मानले. दाबकेचे नाही. मग बाईंना विमानतळावर सोडायची घाई झाली. बिल्ला तळघरात राहिला आणि व्हॉल्व्ह बंद राहिला.

त्या आठवड्यात अशी थंडी पडली की गाडीचं दार उघडायला केटलीतलं पाणी ओतावं लागलं. चार दिवस घर बंद. उत्तरेच्या भिंतीतलं थांबलेलं पाणी गोठलं, नळी उसवली. गुरुवारी ऊन पडलं तसं सगळं वितळून, परतीच्या नळीतलं बॉयलरचं पाणीही उलटं येऊन, वाहायला लागलं. शेजारणीने दाराखालून पाणी येताना पाहिलं. दारावर दाबकेचा नंबर लिहिलेला होता, तो तिने फिरवला. आम्ही पोचलो तेव्हा दाबके घोटाभर पाण्यात उभा होता आणि खालच्या फळ्यांवरची पुस्तकं वर चढवत होता. ओकची फरशी भाजलेल्या पापडासारखी फुगली होती. मीही चार पुस्तकं उचलली. तेच माझं प्रसंगावधान.

तळघरातले सगळे व्हॉल्व्ह बंद होते. पाणी थांबवायला दाबकेने सगळेच बंद केले होते. कुठला आधीपासून बंद होता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

सभा जोगळेकरांच्या घरी झाली. सोफा अजून तिथेच होता. ज्यांच्या दह्याच्या वाट्या दाबकेने जमिनीवर झोपून चाखल्या होत्या, त्यांनी तोंडसुख घेतलं. "घरगुती काम शेवटी घरगुतीच." "आम्ही तेव्हाच म्हणालो होतो." "तिरसट माणसाच्या हाती घर दिलं, दुसरं काय होणार?" साठे आजी तेवढ्या म्हणाल्या, "त्याला बोलू द्या की." आजींचं कोण ऐकतंय.

मी कोपऱ्यात मिनिट्स लिहीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. 'व्हॉल्व्ह मी बंद केला.' चार शब्द. मी ते मनात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी बोलून झाल्यासारखंच वाटायला लागलं.

"दाबके," जोगळेकर म्हणाले, "तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

जन्मभर ओरडत आलेला हा माणूस. त्याने आपल्या मोज्यांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काम माझं होतं."

एवढंच म्हणाला. आणि मी लिहिलं: 'श्री. दाबके यांनी आपली चूक मान्य केली.' तो असं म्हणाला नव्हता. मी लिहिलं. अक्षर छान आहे माझं, केतकीला सहज वाचता आलं.

निघताना सगळे दारात वाकून बूट चढवत होते. दाबके माझ्याजवळ आला आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. रेशमी बिल्ला. 'कार्यवाह.' पाण्याने रंग गेलेला.

"तळघरात पडला होता," तो म्हणाला. आणि गेला.

पडला नव्हता. दांड्याला लटकवला होता, दोरा दोनदा गुंडाळून. मी बिल्ला खिशात टाकला.

मंडळाच्या घरात फुंकणारी हवा आली. भिंती फोडल्या. दाबकेच्या पट्ट्या उचकटून भंगारात दिल्या, आत जे काय लिहिलेलं होतं त्यासकट. त्यानंतर दाबकेला कुणी घरी बोलावलं नाही. मीही नाही. आमच्या नळीत हवा भरली तर मी कंपनीचा माणूस बोलवायचो. तो उभ्यानेच काम करायचा. नलू विचारायची, "दाबकेभावजी का हो येत नाहीत?" मी म्हणायचो, "रागावलाय." नलू म्हणायची, "तो नेहमीच रागावलेला असतो. म्हणून कधी यायचा थांबला होता का?"

नलूला मी खरं सांगितलं नाही. ती तशीच गेली. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, बाहेर बर्फ होतं. दाबके आला. कुणाशी बोलला नाही. कोट काढला, दिवाणखान्यात पालथा पडला, पितळी किल्लीने नळीतली हवा काढली. फुलीजवळ जरा वेळ तसाच पडून राहिला. मग उठला आणि गेला. लोक म्हणाले, "बघा, आजच्या दिवशीसुद्धा!" मी त्यांनाही काही बोललो नाही. यादी वाढतच गेली.

तर, हे एवढं लिहून झाल्यावर मी कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. छापायच्या आधी त्याने वाचायला हवं होतं. पत्ता शोधावा लागला. एवढ्या वर्षांच्या ओळखीत मी त्याच्या घरी कधी गेलोच नव्हतो. कुणीच गेलं नव्हतं. आपल्यात तसंच चालतं. एकट्या माणसाला आपण जेवायला बोलावतो, त्याच्याकडे जात नाही.

दार उघडून तो म्हणाला, "काय बिघडलंय?"

"काही नाही. हे वाच."

त्याने भिंग घेऊन उभ्यानेच वाचलं. मध्येमध्ये गुरगुरत होता. मी दाराजवळ कोट घालून उभा. शेवटचं पान संपलं तसा तो ओरडला, "चूक आहे!"

"काय चूक आहे?"

"तांबं तापल्यावर नुसतं वाजत नाही. टांगणीला घासतं, म्हणून वाजतं. तिथे नळीखाली फेल्टचा, जाड लोकरीचा, तुकडा घालायचा असतो. उत्तरेच्या भिंतीला घालायचा राहिला होता. पुढच्या रविवारी घालणार होतो. बाईंचं बरोबर होतं. फेल्ट असतं तर टिकटिक झाली नसती. टिकटिक झाली नसती तर तू खाली गेला नसतास. म्हणून म्हणालो, काम माझं होतं."

मी भडकलो. "अरे गाढवा! फेल्टच्या तुकड्यासाठी बारा वर्षं? बिल्ला दाखवायचा होतास सगळ्यांना! माझ्या तोंडावर फेकायचा होतास!"

"आणि मग?" तोही ओरडला. "तुझ्याकडे माणसं येतात-जातात. तू तोंड कुठे लपवलं असतंस? माझ्याकडे काय, थंडी वाजली की येतात. म्हटलं, ती पुढच्या वर्षीही वाजणारच आहे."

"आलं का कोणी?"

त्याने कागदाची घडी केली, परत उघडली, पुन्हा केली. "हे छापायचं तर छाप. फेल्टचं लिही. आणि ओरडू नकोस, बस. तिथे नको! तिथे काय बसतोस? इथे."

त्याने खिडकीजवळच्या एका खुर्चीकडे बोट दाखवलं. खोलीत खुर्च्या बऱ्याच होत्या, सगळ्या भिंतीपासून बरोबर हातभर पुढे ओढलेल्या. एकीचाच रंग बसून बसून उडाला होता. मला दाखवलेली खुर्ची कोरी करकरीत होती. मी बसलो. थोड्या वेळाने उजव्या पायाला ऊब जाणवायला लागली. उजव्याच. घोट्यापाशी. कधीकाळी बर्फावर घसरून तो घोटा मोडला होता, आणि हिवाळ्यात तो ठणकतो हे नलूखेरीज कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

दाबके चहा टाकायला आत गेला होता. मी वाकून पत्र्याचं झाकण उचललं. आतल्या बाजूला पेन्सिलीचं अक्षर होतं, जुनं, फिकट झालेलं. 'सबनीस. उजवा घोटा.' त्याच्या शेजारी, 'नलिनीवहिनी. दही इथे.'

चष्म्याने नीट दिसेना. मी खुर्चीतून उतरलो, गुडघे टेकले, आणि या वयात, कोटासकट, जमिनीवर पालथा पडलो. गाल फरशीला टेकवला आणि झाकण धरून पुढे सरकत गेलो. 'साठे आजी. दोन्ही गुडघे.' भिंत वळली तिथे, 'डॉक्टर जोगळेकर. कंबर. सोफा नको.'

"सावकाश," मागून दाबकेचा आवाज आला. "पत्रा तापलाय, गधड्या. कान भाजेल."